शेवटची एसटी आधी विचारा!

सहल म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा. स्वतःची असली तर चालवणार कोण, आणि नसली तर भाड्याची किती घेणार? मग कुणीतरी किलोमीटरचा दर विचारून येतं. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग असे आकडे चढत जातात आणि रविवार उजाडेपर्यंत बेत बारगळलेला असतो. कधी कधी बेत टिकतो, पण माणसं गळतात. गाडीत जागा पाचांची, घरात माणसं सात. गळणारी नावंही ठरलेली असतात. ‘‘मला काय आता बघायचंय? तुम्ही जाऊन या,’’ असं आजी आपणहून म्हणते आणि आपण ते जरा जास्तच पटकन खरं मानतो.

वेरूळ छत्रपती संभाजीनगरपासून जेमतेम तीस किलोमीटरवर. तरीही या शहरात उभा संसार केलेली, पण कैलास लेणं शाळेच्या सहलीनंतर पुन्हा न पाहिलेली बाई शोधायला फार लांब जावं लागत नाही. मुंबईत घारापुरीचं तेच, पुण्यात कार्ल्याचं तेच. जवळ आहे, कधीही जाता येईल, या भरवशावर वर्षं निघून जातात. खरं तर या सगळ्या ठिकाणी सरकारी बस, लोकल किंवा लाँच जाते. सकाळी निघून रात्री जेवायला घरी येता येतं. लागते ती थोडी आखणी, आणि ती घरच्या बाईइतकी चांगली कुणाला जमते? पंचवीस माणसांचा स्वयंपाक वेळेत उरकणारीला एसटीचं वेळापत्रक अवघड नाही.

आखणी सुरू करायची ती मात्र उलटीकडून. आपण आधी विचारतो, सकाळची पहिली गाडी किती वाजता? तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि तिच्या आधीची किती वाजता? बेत आखायचा तो शेवटून दुसऱ्या गाडीवर. शेवटची ठेवायची हातची राखून. तिकडून निघण्याची वेळ एकदा पक्की झाली की मागे मागे येत जेवणाचा एक तास, फिरण्याचे चार तास, जाण्याचे अडीच तास असं मांडत यायचं. सकाळी किती वाजता घर सोडायचं ते आपोआप कळतं. ही चौकशी आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन खिडकीवर करावी. मोबाईलवर वेळा मिळतात हे खरं, पण सणाच्या आणि यात्रेच्या दिवसांत गाड्या दुसरीकडे वळवलेल्या असतात. ते खिडकीतल्या माणसाला नक्की माहीत असतं.

दुसरी चौकशी सुट्टीच्या वाराची. इथे भलीभली मंडळी फसतात. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, कान्हेरीची लेणी ज्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत तेही सोमवारी बंद. दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी, तर ताजमहाल शुक्रवारी. हैदराबादचं सालारजंग संग्रहालयही शुक्रवारी बंद असतं. तेव्हा सोमवार-मंगळवार अशी जोडसुट्टी मिळाली तर अजिंठा-वेरूळचा बेत मोडायचं कारण नाही, फक्त क्रम नीट लावा. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलटं केलंत तर दोन्ही दिवस कुलूप बघून परत!

आता खर्चाचं बोलू. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास फुकट आहे आणि ६५ ते ७५ वयाच्यांना अर्ध्या भाड्यात. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट तर पूर्वीपासूनच आहे. आता आपलं सात माणसांचं घर घ्या. आजोबा ७८, आजी ७६, बाबा, आई, पन्नाशीची आत्या, चौदा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा. आजी-आजोबांचं तिकीट नाही. आई, आत्या, मुलगी आणि मुलगा यांची चार अर्धी म्हणजे दोन पूर्ण. बाबांचं एक. सात माणसं आणि तिकिटं फक्त तीन! भाड्याच्या गाडीशी याची तुलनाच नको. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या लेण्यांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो, म्हणजे तिथेही दोन तिकिटं वाचली. आजी-आजोबांचं आधार कार्ड तेवढं बरोबर ठेवा. कंडक्टरनं वय विचारलं तर रागावू नका. आजोबा ठणठणीत दिसतात हा त्याचा दोष नव्हे.

रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. जुन्या आठवणीवर हिशेब मांडू नका. मुलांच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवा. आरक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र जागा घेतली तर एप्रिल २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. लोकल आणि पॅसेंजरच्या साध्या तिकिटाला अर्धंच लागतं.

आता अजिंठ्याचा दिवस कसा काढायचा ते बघू. संभाजीनगरहून अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, एसटीला अडीच ते तीन तास. सिल्लोडवरून जळगावकडे जाणारी गाडी धरायची. साडेसहा-सातची मिळाली तर उत्तम. खान्देशातल्या मंडळींना जळगावहूनच यायचं सोपं, तिथून साधारण साठ किलोमीटर. तिकीट काढताना ‘अजिंठा’ एवढंच म्हणू नका, ‘अजिंठा लेणी, फर्दापूर फाटा’ असं सांगा. कारण अजिंठा नावाचं गाव वेगळं आहे. संभाजीनगरकडून येताना ते घाटाच्या अलीकडे लागतं, आणि लेणी घाट उतरल्यावर. दरवर्षी कितीतरी माणसं बोजाबिस्तरा घेऊन गावात उतरतात आणि मग काळीपिवळी शोधत बसतात. फाट्यावर उतरलात की बाजारासारखी दुकानं दिसतील. त्यांच्या पलीकडून लेण्यांपर्यंत जाणाऱ्या एसटीच्या खास गाड्या सुटतात. तिचं तिकीट वेगळं. चार किलोमीटरचा हा रस्ता धुरापासून चित्रं वाचावीत म्हणून खासगी वाहनांना बंद आहे. तेव्हा लाखो रुपयांच्या मोटारीतून आलेला पाहुणाही शेवटी आपल्याच शेजारी बसतो!

लेणी तीस आहेत. ती सगळी बघायचा हट्ट धरू नका. घोड्याच्या नालासारखा वळलेला कडा आहे, त्याच्या पोटात एका रांगेत लेणी खोदलेली आहेत. चढ सुरुवातीलाच जास्त, नंतर बऱ्यापैकी सपाट. सुरुवातीच्या पायऱ्या आजीला जमत नसतील तर डोलीवाले असतात, दर आधी ठरवून घ्यावा. पहिल्या लेण्यात पद्मपाणी आहे, हातात कमळ, मान किंचित झुकलेली. आत अंधार असतो. बाहेरच्या उन्हातून एकदम आत गेलं की दोन मिनिटं काहीच दिसत नाही आणि बरेच लोक ‘काही नाही हो इथे’ म्हणून त्या दोन मिनिटांतच बाहेर पडतात. भिंतीपाशी शांत उभं राहावं. हळूहळू चेहरे उमटायला लागतात. सतरावं लेणं चित्रांनी सर्वांत भरलेलं, तिथे वेळ द्या. जातककथा मुलांना आदल्या रात्री सांगून ठेवल्या असतील तर ती स्वतःच भिंतीवर हत्ती आणि माकडं शोधतात. दहावं लेणं फार जुनं, इसवी सनापूर्वीचं. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ही लेणी पडली आणि त्यानं या दहाव्या लेण्यात आपलं नाव कोरून ठेवलं. मुलांना ते जरूर सांगा, आणि तसं करायचं नाही हेही सांगा. सव्विसाव्या लेण्यात पहुडलेला महापरिनिर्वाण बुद्ध आहे. तिथवर पाय चालले तर न चुकता जा. कॅमेऱ्याचा फ्लॅश चालत नाही. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून बंद-बकलांची पादत्राणं नकोत.

दहाला आत गेलात तर दोनपर्यंत निवांत होतं. तीन-साडेतीनला पुन्हा फाट्यावर. इथे एक अडचण येते, ती आधीच सांगते. परतीची गाडी जळगावहून भरून आलेली असते. रविवारी तर पाय ठेवायला जागा नसते. पहिली गाडी भरलेली आली तर आजी-आजोबांना उभं राहून तीन तास न्यायचं नाही, दुसरीची वाट पाहायची. म्हणूनच हातची एक गाडी राखून ठेवायची. शक्य असेल तर रविवार टाळून शनिवारी किंवा शाळेच्या सुट्टीतल्या मधल्या वारी जा. गर्दी निम्मी असते.

वेरूळचा दिवस याहून सोपा. तासाभराचा रस्ता, खुलताबाद, कन्नड बाजूच्या पुष्कळ गाड्या. गाडी वेरूळवरून जाते ना, एवढं चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या. इथे पहाटे उठून धावपळ करण्याची गरज नाही. वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर ऊन आतपर्यंत येतं आणि कोरीवकाम उठून दिसतं. म्हणून नऊ-साडेनऊला निघावं. आधी घृष्णेश्वराचं दर्शन घ्यावं, लेण्यांपासून ते एखाद किलोमीटरवर आहे. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा बांधलं. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढून जावं लागतं, हे आजोबांना आधी सांगितलेलं बरं. मग डबे सोडावेत आणि जेवणानंतर लेण्यांकडे वळावं.

वेरूळला लेणी चौतीस. पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू आणि शेवटची पाच जैन. दोन टोकांत साधारण दोन किलोमीटरचं अंतर आहे. माझं मत विचाराल तर सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्याला दीड तास द्या आणि उरलेल्या वेळात जमेल ते पाहा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात हे लेणं घडलं. डोंगर वरून खाली कोरत आणला. पायाच नाही, आधी कळस आणि मग जमीन! मुलांना खालून दाखवून झालं की बाजूच्या पायवाटेनं वर न्या. कड्यावरून खाली पाहिलं की हे काम कसं केलं असेल ते शब्दांत सांगावं लागत नाही. मात्र हात धरा, कडा उघडा आहे. त्यानंतर दहावं लेणं पाहा. त्याचं छत लाकडाच्या वाशांसारखं कोरलेलं आहे. लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ म्हणतात. बत्तिसाव्या लेण्यात जैन इंद्रसभा आहे.

याच रस्त्यावर दौलताबादचा किल्ला लागतो, खुलताबादला भद्रा मारुती आहे. ‘जाता जाता करून टाकू’ हा मोह इथेच होतो. भाड्याच्या गाडीवाल्याच्या यादीत तर एका दिवसात किल्ला, मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ, पाणचक्की, बीबी का मकबरा आणि शेवटी एक साड्यांचं दुकान एवढं सगळं असतं. दुकानात पाऊण तास जातो आणि कैलासाला पंचवीस मिनिटं मिळतात. एसटीनं जाणाऱ्याला एवढं धावता येत नाही, आणि मला तर हाच तिचा मोठा गुण वाटतो. दौलताबादला वेगळा दिवस काढा. शेकडो पायऱ्या आहेत, मधे अंधारी आहे, तिथे वटवाघळं आहेत. पोराटोरांना न्या, गुडघेदुखीवाल्यांना नको.

आपले वाचक महाराष्ट्राबाहेरही पुष्कळ आहेत, तेव्हा थोडं त्यांच्यासाठी. दिल्लीकरांना आग्रा एका दिवसात होतं. हजरत निजामुद्दीनहून सकाळी सुटणारी गतिमान एक्सप्रेस एप्रिल २०१६ पासून धावते. ती पावणेदोन तासांच्या आत आग्र्याला सोडते आणि संध्याकाळी परत आणते. शुक्रवारी ती नसते, ताजमहालही नसतो, म्हणजे वार चुकायची भीतीच नाही. आग्र्यात मार्च २०२४ पासून मेट्रोही आहे. ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला अशी दोन्ही स्थानकं तिच्यावर आहेत. महाराज कैदेतून निसटले ती आग्रा म्हणून मराठी माणूस किल्ला बघतोच. जरूर बघा, पण ताजला सकाळीच जा.

कोलकात्यात राहणाऱ्यांनी दक्षिणेश्वर-बेलूर मठ ही फेरी करून पाहावी. मेट्रो फेब्रुवारी २०२१ पासून थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. राणी रासमणींनी १८५५ मध्ये बांधलेल्या मंदिराचं दर्शन घ्यायचं, घाटावरून लाँच धरायची आणि हुगळीतून बेलूरला उतरायचं. गोम एकच. दोन्ही ठिकाणं दुपारी काही तास बंद असतात. दक्षिणेश्वर सकाळी लवकर करा, जेवण आणि विश्रांती मधे घ्या आणि बेलूर चारनंतर ठेवा. संध्याकाळची आरती मिळते.

बंगळूरकरांनी म्हैसूर रविवारी करावं. राजवाड्यावर रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या संध्याकाळी सात वाजता दिवे लागतात, पाऊण तास सगळा वाडा उजळतो. ते पाहून बसस्थानकावर आलात तरी परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात. बेळगावच्या भगिनींना तर जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. मात्र ओळखपत्र तिथल्या पत्त्याचं हवं आणि गाडी राज्यातल्या राज्यात जाणारी हवी. कोल्हापूर-मिरजेच्या गाडीला तिकीट पडेल.

मुंबईकरांना घारापुरी. गेटवेहून लाँचला तासभर लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर लाँचचा मोठा अपघात होऊन माणसं दगावली. तेव्हा प्रत्येकाच्या, आजीच्यासुद्धा, अंगावर लाईफ जॅकेट चढेपर्यंत जागेवर बसू नका. जास्त माणसं कोंबलेली दिसली तर पुढची लाँच घ्या. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारा. पुणेकर मंडळी लोणावळ्याच्या लोकलनं मळवलीला उतरली की भाजे पायी आणि कार्ले रिक्षानं होतं. भारतातलं सर्वांत मोठं कोरीव चैत्यगृह कार्ल्याचं. मात्र दुपारच्या वेळी या लोकल फार विरळ असतात, तेव्हा वेळापत्रक आधी पाहून घ्या.

आता पिशवीचं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाजी, काकडी. दुपारपर्यंत विटणार नाही असंच न्यावं. दही-भात उन्हाळ्यात नको. पातळ चादर एक, म्हणजे झाडाखाली आजीला आडवं होता येतं. सुट्टे पैसे भरपूर ठेवा, मोबाईलनं पैसे देता येतात, पण फाट्यावर रेंज असेलच असं नाही. आणि पाणी. बायका प्रवासाला निघाल्या की पाणी पिणंच बंद करतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. एप्रिलच्या उन्हात अजिंठ्याच्या तापलेल्या कड्यावर हे अंगाशी येतं, चक्कर येते, डोकं धरतं. त्यापेक्षा स्वच्छतागृह कुठे कुठे आहे हेही बेत आखतानाच लिहून काढा. निघताना बसस्थानकावर, मग लेण्यांच्या तिकीटघराजवळ, परत निघण्याआधी पुन्हा तिथेच. फाट्यावरच्या भरवशावर राहू नका. दर तासाला दोन-चार घोट सगळ्यांनी घ्यायचे, हे काम चौदा वर्षांच्या मुलीकडे सोपवा. ती आजीला सोडत नाही! मार्चनंतर मराठवाड्यात अशा सहली शक्यतो काढूच नयेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात अजिंठ्याचा धबधबा पाहण्यासारखा असतो, पण लेण्यांत अंधार वाढतो आणि पायऱ्या निसरड्या होतात.

इतकं करूनही गाडी चुकली तर? अजिंठ्याच्या फाट्यावर संध्याकाळ झाली आणि संभाजीनगरची थेट गाडी मिळेना, तर सिल्लोडपर्यंत जाणारी कोणतीही एसटी धरा. सिल्लोड मोठं गाव आहे, तिथून शहराकडे जायला पुढे आणखी गाड्या मिळतात. तेही जमेना तर जळगावच्या बाजूची गाडी घ्या. तिथे रेल्वेचं मोठं स्थानक आहे, रात्रीच्या गाड्या आहेत, निवाऱ्याची सोय आहे. अंधार पडल्यावर फाट्यावर उभं राहून अनोळखी जीपला हात मात्र करू नका. घरी एक फोन करा, उशीर होईल म्हणून सांगा, आणि उरलेल्या दशम्या तेवढ्या सांभाळून ठेवा. रात्री त्या लागतील.